चिखलदऱ्यात घर? आधी सातबारा बघा!

नागपूरचा पारा ४५ वर गेला की ऑफिसात एकच विषय: चिखलदऱ्यात छोटंसं घर घ्यायचं का? इथून सुमारे २३० किलोमीटर, परतवाड्यानंतर घाट आणि अकराशे मीटरवर गार हवा. शिवाय कॉफीचे मळे, गाविलगड. मन पाघळणारच! मीही गेल्या हिवाळ्यात प्लॉट बघून आलो.

पण बॉस, वीकेंड वेगळा, बारा महिने वेगळे. २०११ च्या जनगणनेत गाव जेमतेम पाच हजारांचं. मोठ्या खरेदीला परतवाडा गाठा. पावसाळ्यात धुक्यात समोरचं घर दिसत नाही, उन्हाळ्यात पाण्याची चणचण.

आणि स्वस्त प्लॉट? आजूबाजूची बरीच जमीन कोरकू कुटुंबांची. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासींना घेता येत नाही. ‘नोटरी करून टाकू’ म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार करा. मला सगळ्यात आवडलेला, दरीकाठचा प्लॉट नेमका असाच निघाला. सोडला. आपल्याला वीकेंडचा व्ह्यू हवा असतो, त्या घराचं वर्षाचं धान्य तिथून येतं.

आता शोध गावातल्या एनए प्लॉटचा. तोवर एमटीडीसीची खोली झिंदाबाद!