वैयावृत्त्य हेही तपच

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापाच्या जोडीला प्रतिरूपक व्यवहारही येतो. अस्सल माल दाखवून नकली खपवणे, हा त्याचा सरळ अर्थ. व्यापारी घरांतील मुलांच्या कानांवर ही शिकवण लहानपणापासून पडते, ती विक्रेत्याने काय करू नये म्हणून. अशा व्यवहाराचा फटका ग्राहक या नात्याने आपल्याच घरातील मुलाला बसेल, ही शंका मात्र सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी चालवणाऱ्या एका स्थानकवासी कुटुंबाला तो बसला.

घरातील धाकटा मुलगा पदवीच्या शिक्षणासाठी इंग्लंडमधील लेस्टर येथे गेला होता. त्या शहरात जैन मंदिर आहे, गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे, शाकाहारी जेवणाची अडचण नाही. म्हणून घरच्यांनी निश्चिंत मनाने त्याला तेथे पाठवले. मुलाने तेथे मांस खाल्ले नाही, मद्यालाही हात लावला नाही. पहिल्या हिवाळ्यात मात्र, चार वाजताच अंधारणाऱ्या दिवसांत, वसतिगृहातील एका सोबत्याने त्याच्या हाती व्हेपची नळी दिली. आत गांजाचा अर्क आहे, वनस्पतीच ती, असे त्याला सांगण्यात आले. वनस्पती या शब्दाने त्याचे समाधान झाले. वर्ष उलटेपर्यंत तो त्या नळीवाचून दोन तासही राहू शकत नव्हता. रात्री झोपेतून उठून तो ती ओढी आणि पुन्हा पडे.

नळीत वनस्पती नव्हती. तेथे ‘स्पाइस’ या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम गांजा होता. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन या रसायनशास्त्रज्ञाने मेंदूतील विशिष्ट ग्राहींचा अभ्यास करण्यासाठी अनेक संयुगे तयार केली होती. त्यांपैकी जेडब्ल्यूएच-018 हे संयुग 2008 च्या अखेरीस जर्मनीतील तपासणीत ‘स्पाइस’च्या पाकिटांत सापडले. पाकिटावर सुगंधी वनौषधी असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात वाळलेल्या पाल्यावर हे रसायन फवारलेले होते. एका संयुगावर बंदी आली की रेणूत थोडा फेरफार करून दुसरे बाजारात येते. पुढे ते व्हेपच्या द्रवातही शिरले. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील 38 शाळांतून जप्त झालेल्या 596 व्हेप तपासल्या. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, सुमारे दर सहा व्हेपमागे एकीत स्पाइस होते. ओढणाऱ्या मुलांना आपण गांजाचा अर्क ओढतो आहोत असेच वाटत असे.

गांजा स्वतः निरुपद्रवी आहे असे नव्हे. परंतु त्यातील मुख्य द्रव्य मेंदूतील त्या ग्राहींना अंशतःच उद्दीपित करते, तर ही कृत्रिम संयुगे त्यांना पूर्णपणे उद्दीपित करतात. शिवाय अनेक संयुगांचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा ओढावेसे वाटते. अशा सततच्या माऱ्याला शरीर जुळवून घेते, आणि पुरवठा एकाएकी तुटला की तेच शरीर बंड करून उठते. डॉक्टर याला विथड्रॉवल म्हणतात.

जुलैमध्ये मुलगा सुटीवर निघाला तेव्हा त्याने नळी विमानतळावरच्या कचरापेटीत टाकली. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आहे हे त्याला ठाऊक होते. घरी गेल्यावर आपोआप सुटेल अशी आशाही होती. विमानातच त्याला घाम फुटू लागला. घरी पोहोचल्यावर डोकेदुखी, मळमळ, हातांना कंप, अन्नाचा तिटकारा. पहिल्या दिवशी घरच्यांनी ते प्रवासाच्या शिणावर आणि बदललेल्या हवेवर ढकलले. दुसऱ्या दिवशी तो येरझारा घालू लागला, क्षुल्लक कारणावरून बहिणीवर ओरडला आणि मग लहान मुलासारखा रडला. थोरल्या काकांना शंका आली. त्यांनी औषधाच्या दुकानातून लघवी तपासण्याचा संच आणला. निष्कर्ष निर्दोष निघाला. घराने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मुलाच्या वागण्याला हट्ट असे नाव मिळाले.

त्या निर्दोष निष्कर्षाने एक अख्खा दिवस वाया गेला. गांजासाठी असलेली नेहमीची चाचणी गांजातील द्रव्याचा अंश शोधते; कृत्रिम संयुगांची घडण निराळी असल्याने ती तिच्या हाती लागत नाहीत. तिसऱ्या रात्री उलट्या थांबेनात, छाती धडधडू लागली, तेव्हा वडिलांनी त्याला रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सर्वांना खोलीबाहेर बसवले आणि मुलाला एकट्याला सरळ प्रश्न विचारले: काय घेत होतास, दिवसातून किती वेळा, शेवटचे केव्हा, त्यासोबत आणखी काही? मुलाने सारे सांगितले. हृदयाचा आलेख काढला गेला, सलाइन लागले. या रसायनांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे असल्याने रक्तातील क्रिएटिनिनही पाहिले गेले. या त्रासावर नेमके असे एकच औषध नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. अस्वस्थता आणि झोपेसाठी त्याला मोजक्या दिवसांची औषधे मिळाली, पुढे ती क्रमाने कमी करण्यात आली.

प्रायश्चित्ताची सुरुवात आलोचनेने होते, म्हणजे झालेला दोष काही न लपवता योग्य व्यक्तीपुढे सांगण्याने. डॉक्टरांपुढची ती दहा मिनिटे मुलाची आलोचनाच होती. ती आधी झाली असती तर तीन रात्री वाचल्या असत्या. घरात ती होऊ शकली नाही, कारण घरात त्याला पहिला प्रश्न ‘काय होते आहे?’ असा न येता ‘लोक काय म्हणतील?’ असा आला असता, हे त्याला माहीत होते. बहिणीची सगाई दोन महिन्यांवर होती. पेढीची पत तीन पिढ्यांची होती.

तीन दिवसांनी मुलगा घरी आला तेव्हा दादीने आपला विचार बोलून दाखवला. चातुर्मास बसला होता, स्थानकात साध्वीजी विराजमान होत्या. मुलाने तेला करावा, तीन उपवासांत देहातले विष जळून जाईल, असे तिचे म्हणणे होते. स्वतः तिने अनेक अठ्ठाया केल्या होत्या; तपाच्या सामर्थ्यावरचा तिचा विश्वास पोकळ नव्हता. वडील गोंधळले. डॉक्टरांनी तर भरपूर पाणी आणि थोडे थोडे खाणे सांगितले होते. अखेर दादी स्वतःच साध्वीजींकडे गेली. साध्वीजींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “तो खातो का?” दादी म्हणाली, “दोन घास जेमतेम.” साध्वीजी म्हणाल्या, “मग त्याचा उपवास चालूच आहे, फक्त त्यात समाधी नाही. त्याला आधी बरा होऊ द्या. सध्या तप तुम्ही करा. वैयावृत्त्य करा.”

बारा प्रकारच्या तपांत अनशन हे बाह्य तप आहे आणि वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अभ्यंतर तप. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले असतात. समाधी टिकवण्यासाठी औषधोपचाराची मोकळीक त्यांत आहे. विथड्रॉवलच्या दिवसांत उपवास घडवणे वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचे असते. उलट्या आणि घाम यांनी शरीरातील पाणी व क्षार आधीच घटलेले असतात. त्यात निर्जळी राहिल्यास मूत्रपिंड आणि हृदय दोहोंवर ताण येतो.

दादीने मग आपली विद्या दुसऱ्या टोकाने वापरली. मोठ्या तपानंतरचे पारणे कसे करावे, हे घरात तिच्याइतके कोणाला कळत नव्हते. रिकाम्या, रुसलेल्या पोटाला एकदम अन्न चालत नाही. तिने प्रथम मुगाचे पाणी दिले, मग पातळ राब, मग मऊ खिचडी. दर दोन तासांनी अर्धी वाटी. सूर्यास्तानंतर घरचे स्वयंपाकघर बंद होई. आईचा रात्रिभोजनत्यागाचा नियम होता आणि तो तिने मोडला नाही. पण दिवसा उकळून ठेवलेले पाणी आणि क्षार-साखरेचे मिश्रण ती मुलाच्या उशाशी भरून ठेवी आणि रात्री दर वेळी उठून स्वतः पाजी. मुलाने संकोच केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “नियम माझा आहे, आजार तुझा.”

पहिले आठ-दहा दिवस सर्वांत कठीण गेले. रात्री कपडे घामाने भिजत, म्हणून दोन जोड हाताशी असत. झोप तुकड्यातुकड्यांत येई आणि भयंकर स्वप्ने घेऊन येई. ओढण्याची तीव्र इच्छा लाटेसारखी उसळे आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरे. ती ओसरते, हा अनुभव प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागे. त्या वेळी कोणी उपदेश केला की त्याचा भडका उडे. बहिणीने एक साधी रीत पाडली. लाट आली की ती त्याच्यासोबत गच्चीवर फेऱ्या मारी आणि काही बोलत नसे. वडिलांनी पेढीवरची एक कोरी कीर्द त्याला दिली. रोज किती तास झोप, किती पेले पाणी, किती लाटा, एवढेच त्याने त्यात लिहायचे. चौथ्या दिवशी अकरा लाटा होत्या, बाराव्या दिवशी चार. मनाला सुधारणा जाणवत नव्हती, तेव्हाही ती आकड्यांत दिसत होती.

या काळात काही गोष्टी निक्षून पाळल्या गेल्या. घरातील कोणाच्याही झोपेच्या गोळ्या त्याला देण्यात आल्या नाहीत. त्रास सोसवत नाही म्हणून मद्य किंवा साधा गांजा असा पर्याय सुचवणाऱ्या मित्राचा क्रमांक त्याने स्वतः काढून टाकला. फिट येणे, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, उलट्या न थांबणे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवणे, यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे कागदावर लिहून दाराशी लावले होते. डॉक्टरांनी आणखी एक इशारा दिला. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. त्यानंतर मोहाच्या क्षणी जुन्याच प्रमाणात ओढले तर ते जीवावर बेतू शकते.

बदनामीच्या भयाबाबत कायदा आपण समजतो तितका निष्ठुर नाही. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यातील कलम 64-अ हे स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक गुन्ह्यांबाबत आणि अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश असून उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केलेला आहे. नशामुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी 14416 हे शासकीय क्रमांक विनामूल्य आहेत. पुण्यातच डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तेथे रुग्णाबरोबर कुटुंबाशीही बोलले जाते, आणि त्याची गरज या घराला रुग्णाइतकीच होती.

सगाईच्या बाबतीत वडिलांनी आडपडदा न ठेवता व्याह्यांना जाऊन भेटण्याचे ठरवले. मुलगा आजारी होता, आजार हा होता, उपचार चालू आहेत, एवढे त्यांनी सांगितले. व्याह्यांनी थोडा वेळ घेतला. मग त्यांनी विचारले, “कोणते डॉक्टर? आमच्या बहिणीच्या मुलासाठी हवे आहेत.” सगाई ठरल्या दिवशी झाली.

दीड महिना लोटल्यावरही सर्व आलबेल झाले होते असे नाही. झोप पूर्ववत व्हायला वेळ लागला. कित्येक सकाळी कशातच रस वाटत नसे. सप्टेंबरमध्ये परत जाण्याची वेळ आली तेव्हा मुलाने कबूल केले की त्या खोलीची, त्या दाराची त्याला भीती वाटते. विद्यापीठाकडून वर्षभराची सवलत मागण्यात आली. शैक्षणिक कर्जावरील व्याज चढतच राहणार होते, आणि वडिलांनी तो आकडा मांडून पाहिलाही. मग वही मिटून त्यांनी मुलाला सकाळी पेढीवर येण्यास सांगितले. पर्युषणात मुलाने डॉक्टरांना विचारून बियासणे केले, उपवास केला नाही. दादीने त्याला आग्रह केला नाही.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. आपल्या घरांत तो व्यापार कोणी करणार नाही, याची खात्री बाळगता येते. परंतु ते विष विकत घेणारा मुलगा कोणत्याही घरचा असू शकतो. उच्च शिक्षणासाठी दूर राहणाऱ्या मुलाचे डबे, देवदर्शन आणि गुणपत्रिका यांची चौकशी आपण दर आठवड्याला करतो. तो रात्री झोपतो का, हेही त्याला विचारावे. आणि उत्तर काहीही आले तरी ते ऐकून घेण्याची तयारी आपण आधी करावी.