बाळंतपण माहेरी, पण कुठे?

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही पुणे सोडून घोडेगावला, माझ्या दादाच्या शेजारी राहायला आलो. त्यामुळे धाकट्या लेकीला दिवस गेल्याचे कळताच मी डिंक, अळीव, खारका यांची यादी करायला बसले. यादी निम्मी झाली नाही तोच लेकीचा फोन आला, "आई, मला इस्पितळात बाळंत व्हायचे नाही."

पुण्याजवळ एका बंगल्यात प्रसूतिकेंद्र आहे म्हणे. तिथे शिकलेली सुईण असते. घरासारखी खोली, हिंडायची-फिरायची मोकळीक, जवळ आपले माणूस. डॉक्टर लागला तरच बोलवायचा. इकडे विहीणबाईंनी पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात नाव घालण्याचे ठरवून टाकले होते. दोघींमध्ये मी!

लेक वकिली थाटात म्हणाली, "शिवनेरी तुझ्या दाराशी आहे. १६३० साली जिजाऊसाहेब तिथे बाळंत झाल्या, तेव्हा कुठे होते ऑपरेशन थिएटर?"

मी म्हटले, "बाई ग, ज्या सुखरूप सुटल्या त्यांची नावे इतिहासात राहिली. ज्या गेल्या त्यांची कुणी लिहून ठेवली?"

बोलून गेले खरी. पण माझेच मन थाऱ्यावर नव्हते. कारण दोन्ही बाजू मी पाहिल्या होत्या.

१९७४ सालचा आषाढ. वडील घोड नदीच्या खोऱ्यात प्राथमिक शिक्षक होते. ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. वहिनीला कळा सुरू झाल्या. सुईण मोठी जाणती, निम्मे गाव तिच्या हातचे. पहाटे मुलगा झाला. सगळे सुरळीत. आईने गुळाचा खडाही वाटला. आणि मग वहिनीचे रक्त थांबेना. सुईणीने माहीत होते तेवढे सारे केले. घोंगडीची डोली करून चार जणांनी उचलली. पण ओढ्याला पूर होता. पाणी उतरेपर्यंत ती माणसे काठावर उभी राहिली. वहिनी तिथेच गेली. मी चौदा वर्षांची होते. बाळ माझ्या मांडीवर होते.

म्हणून माझ्या वेळी, १९८६ साली, मी हट्टाने शहरातल्या इस्पितळात गेले. तिथे रक्त होते, डॉक्टर होते, सगळे होते. नव्हता तो एक शब्द. बारा तास एका टेबलावर उताणी पडून होते. आई बाहेरच्या बाकावर. ओरडले तर एक बाई म्हणाली, "आता कशाला ओरडतेस?" पुढचे वाक्य मी इथे लिहीत नाही. ज्या मैत्रिणींनी ते ऐकले आहे, त्यांना ते ठाऊक आहे. मुलगा धडधाकट झाला, आणि तरी त्या दिवसाची आठवण मला आनंदाची वाटत नाही.

तेव्हा लेकीला मी काय सांगावे?

लेकीने आपला मुद्दा सोडला नव्हता. तिने मला व्हिएन्नाची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या इस्पितळात दोन प्रसूतिकक्ष होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुइणींचा. डॉक्टरांच्या कक्षात बाया जास्त मरत. कारण शोधले सेमेलवाइस या डॉक्टराने. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. "बघ!" लेक म्हणाली. पण मला त्यातून वेगळेच दिसले. दोष इस्पितळाचा नव्हता, हातांचा होता. म्हणजे पाटी वाचून भागायचे नाही. आत काय चालते ते विचारले पाहिजे.

मग आम्ही मायलेकी खरोखरच विचारायला निघालो. शिवाय वाचलेही. इंग्लंडमध्ये २०११ साली सुमारे ६४ हजार बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी, बिनजोखमीच्या स्त्रियांसाठी सुइणींची केंद्रे बाळाच्या दृष्टीने इस्पितळाइतकीच सुरक्षित ठरली, आणि तिथे शस्त्रक्रियाही कमी झाल्या. लेकीचा चेहरा खुलला. पण त्याच अभ्यासात पुढे होते की, अशा केंद्रांत आलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या छत्तीस ते चाळीस जणींना ऐन वेळी डॉक्टरांच्या कक्षात हलवावे लागले. तिथले केंद्र सुरक्षित, कारण त्याच्या पाठीशी इस्पितळ आणि तयार गाडी उभी असते.

दुसरी बाजूही खरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली सुमारे पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यांत होतात, ही केवढी मिळकत! पण त्याच पाहणीत शंभरातली पंचवीस शस्त्रक्रियेने झाली होती. त्यातल्या काहींनी जीव वाचवले. पण साऱ्याच गरजेच्या होत्या का, ही लेकीची शंका मला खोडता येईना.

शेवटी वाट दाखवली ती एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने. डोंगरातल्या वाड्यांवर तिची उभी हयात गेलेली. ती म्हणाली, "ताई, रक्तस्राव आधी निरोप पाठवून येत नाही. बाळ आल्याबरोबर इंजेक्शन द्यायचे, गर्भाशय आवळते का ते हाताने पाहत राहायचे. तरीही थांबले नाही, तर रक्त आणि डॉक्टर किती मिनिटांवर आहेत, तेवढे विचारा. आणि मुलीचे हिमोग्लोबिन आधी वाढवा."

लेक गप्प झाली. मग वहीत तिने प्रश्न लिहिले. रात्री डॉक्टर असतो का? रक्त कुठून, किती वेळात? आई जवळ राहील का? मला हिंडू द्याल का? उताणीच झोपावे लागेल का? शेवटचे प्रश्न लाडाचे नव्हेत. बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचे माणूस असावे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली सांगितले आहे.

मंचरच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरे दिली. बंगलाही सुटला, मोठे इस्पितळही सुटले. विहीणबाई जरा नाराज झाल्या, पण डिंकाचे लाडू त्यांनीच पाठवले.

गेल्या श्रावणात लेक बाळंत झाली. रात्रभर माझा हात धरून ती त्या खोलीत येरझारा घालत होती. पहाटे मुलगी झाली. आणि मग डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याचा सूर बदलला. रक्त हवे त्याहून जास्त जात होते. मला पन्नास वर्षांपूर्वीचा तो ओढा दिसू लागला. इंजेक्शन तर बाळ आल्याबरोबरच दिले होते. आणखी एक दिले. सिस्टर पोट चोळत राहिली. सलाइन चढली. दहा-पंधरा मिनिटांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबले."

एवढेच. दहा-पंधरा मिनिटे.

मी बाहेर आले. पावसात दाराशी दादाच्या मुलाची जीप उभी होती. वहिनीचा मुलगा, माझ्या मांडीवर वाढलेला. त्याला आता पन्नाशी आली. संध्याकाळी आम्हाला सोडून तो घरी गेला असेल, असे मी समजत होते. तो रात्रभर गाडीतच बसून होता. गाडीचे तोंड पुण्याच्या रस्त्याकडे होते.

"आत्या, सगळे ठीक ना?" त्याने विचारले.

मी मान हलवली. त्याने किल्ली काढून खिशात ठेवली.