बाराशेच्या आतले

जून लागला की आमच्या घरी बियाणं आणि ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फीसवलतीचा, फॉर्म यांची जुळवाजुळव एकदमच चालायची. फॉर्म सायक्लोस्टाइल केलेला, शाई बोटांना लागणारा. त्याला उत्पन्नाचा दाखला हवा. तलाठी अण्णासाहेबांकडे तीन गावं, त्यामुळे तात्या भाकरी बांधून घेऊनच चावडीवर जायचे. दाखला मिळाला की तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जाई, सातबाऱ्याच्या आणि थोरल्या काकांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाच्या शेजारी. त्या पेटीला हात लावायची आम्हा पोरांना मुभा नव्हती.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ही सवलत आली. वर्षाची मिळकत १२०० रुपयांच्या आत असेल, तर पोरांची फी माफ. ‘आम्ही बाराशेच्या आतले’ असं आमच्याकडची माणसं चारचौघांत सांगायची, आणि सांगताना कुणाची मान खाली जायची नाही. थोरले काका त्या सवलतीवरच कॉलेजात गेले. घरातले पहिले.

फी माफ, पण खोलीचं भाडं माफ नव्हतं. फी माफ, पण मेस माफ नव्हती. फी माफ, पण चपला, कंपासपेटी, परीक्षेला जायचं एसटीचं भाडं हे सगळं घरातूनच. मग कोण काय शिकणार हे त्या उरलेल्या खर्चावर ठरायचं. सायन्सचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालणार, शेवटची गाडी चुकणार, म्हणजे तालुक्याला खोली आली. आर्ट्‌सचे तास सकाळीच आटपायचे, दुपारी पोरगं रानात हजर. आमच्या भावकीत इतके बीए का, याचं उत्तर त्या गाडीत आहे. ‘हुशार आहे, सायन्सला घाला,’ असं गुरुजी घरी येऊन सांगायचे, आणि तात्या त्यांना चहा देऊन गाडीची वेळ सांगायचे. कुणी डी.एड. धरलं, लवकर पगार हाती येईल म्हणून. कुणी आयटीआय करून पिंपरीच्या कारखान्यात गेलं. आवड काय, असं विचारल्याचं आम्हा भावंडांपैकी कुणालाच आठवत नाही. वर्ष वाया गेलं तर सवलत जाईल, ही धास्ती मात्र सगळ्यांना आठवते. परीक्षेच्या दिवसांत कंदिलाची काच आक्का रोज राखेनं घासून ठेवायची.

ती आक्का स्वतः सातवीला थांबली. तिच्यानंतरच्या मुली पुढे गेल्या, कारण ऐंशीच्या दशकात मुलींना बारावीपर्यंत फीच राहिली नाही. पुढे खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास आला. ‘फुकट शिकवत्यात तर शिकू दे की पोरींना,’ आजी म्हणायची. तिच्या त्या बोलण्यापुढे घरात कुणाचं चाललं नाही. पण बारावी झाली की पुन्हा दाखले, पुन्हा फी. सवलत जिथे संपायची, नेमकी तिथेच लग्नाची बोलणी सुरू व्हायची. हे तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही, पण आमच्या गल्लीतल्या मुलींची लग्नाची वर्षं आठवून पाहावीत.

१९८३ पासून विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली. ज्यांनी रान विकलं त्यांची पोरं तिकडे गेली. बाकीच्यांनी त्या रस्त्याकडे पाहिलंच नाही.

२०२४ च्या जुलैत शासन निर्णय निघाला. मिळकत ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी होती. पत्र्याच्या पेटीऐवजी आता महाडीबीटीचं पोर्टल, आणि दाखल्यासाठी सेतू केंद्राची रांग. आमच्या पुतणीनं मेकॅनिकल मागितलं. ‘मुलीला कशाला एवढा खर्च’ हे वाक्य घरात उच्चारायची वेळच आली नाही. आम्हा सगळ्यांना त्याचा फार आनंद आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. मुलांना अजून निम्मीच माफी, म्हणून त्याचे वडील आतापासूनच पॉलिटेक्निकचं नाव काढू लागलेत.