चिंचेच्या झाडापासून गंडीपेटपर्यंत

हैदराबादला पाहुणे आले की चारमिनार आणि बिर्याणी ठरलेलीच. मी त्यात उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले चिंचेचे झाड घातले आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा दीडशेच्या आसपास माणसे या झाडावर चढून वाचली. शहरात साधारण १५,००० माणसे दगावली, असे सांगतात.

पुढचे ऐकण्यासारखे आहे. निजाम सरकार मदत वाटून थांबले नाही. त्यांनी विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच हे. पूर शहरात येण्याआधी वरच अडवा, असा त्यांचा सल्ला. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) झाले. वर पिण्याचे पाणीही मिळाले!

उस्मानसागरला आम्ही गंडीपेटच म्हणतो. संध्याकाळी बांधावर वारा मस्त असतो. पण शहराच्या बाजूला पाहिले की टॉवरच टॉवर. १९९६च्या सरकारी आदेश १११ने दोन्ही तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत मोठ्या बांधकामांना बंदी घातली होती. एप्रिल २०२२मध्ये ती उठवण्याचा आदेश निघाला. मला हे अजिबात पटलेले नाही. त्याच्या दीडच वर्ष आधी, ऑक्टोबर २०२०मध्ये, तलावांच्या पोटात आणि नाल्यांच्या काठी वसलेल्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना १०,००० रुपये जाहीर केले. त्यात भिजलेला फ्रिजसुद्धा नवा येत नाही.

मग विमा? एप्रिल २०२१पासून नियामकाने साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच धाटणीची पॉलिसी ठेवायला लावली आहे. पुराचे नुकसान त्यात मुळातच धरलेले आहे. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. सरकारी यंत्रणेने केलेले हे चांगले काम, पण आपल्याकडे आयुर्विमा घरोघरी, घराचा विमा मात्र बँकेने कर्जाबरोबर गळ्यात मारला तरच!

आणि पॉलिसी पैसे देते, पाणी अडवत नाही. ते काम तलावाचे, आणि तलाव राखायचे काम सरकारचे. एकाच हाताने विमा सुचवायचा आणि दुसऱ्याने तलावाकाठी बांधकामाला परवानगी द्यायची, हा हिशेब कुठल्याच विमा कंपनीला फार दिवस झेपणार नाही.

परवा भाच्याबरोबर फ्लॅट बघायला गेले होते. सेल्सवाला क्लबहाऊस दाखवत होता. मी विचारले, जवळच्या तलावाची एफटीएल, म्हणजे तो काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येते ती रेषा, कुठून जाते? नकाशा मागवून घेतला आहे. तो आला की मगच टोकन.