पहिलं पीक

चि. बाळास,

गुडघ्यामुळे कबड्डी सुटली, आता शेतीत उतरतोय, पण ‘एवढा खेळाडू आणि हातात कुदळ!’ असं गावात बोलतात, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि मला जेसन ब्राऊन आठवला.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये तो ‘सेंटर’ होता. दोन पायांमधून चेंडू मागच्या गड्याकडे द्यायचा आणि लगेच समोरून येणारी धडक अंगावर घ्यायची. टाळ्या दुसऱ्याला. तुमच्या साखळीतल्या गड्यासारखंच की हे! २००९ मध्ये सेंट लुईस रॅम्स संघानं त्याच्याशी पाच वर्षांसाठी पावणेचार कोटी डॉलरचा करार केला. त्या जागेवर खेळणाऱ्या कुणालाच तेव्हा एवढे पैसे मिळत नव्हते.

२०१२ मध्ये त्या संघानं त्याला मोकळं केलं. दुसरे संघ बोलवत होते, वय तिशीच्या आत. तरी तो गेला नाही. नॉर्थ कॅरोलिनात, लुईसबर्गजवळ, हजार एकरांचा मळा घेऊन बसला. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करतोयस, असं त्याच्या एजंटनं त्याला बजावलं होतं.

त्याचा थोरला भाऊ लन्सफर्ड सैन्यात होता. २००३ मध्ये इराकमध्ये मारला गेला, अवघ्या सत्तावीस वर्षांचा. जेसन स्वतः त्या वयाला पोचला तेव्हा, आपण कुणासाठी काय केलं, हा प्रश्न त्याला सोडेना. माणूस श्रद्धाळू ख्रिस्ती. पहिलं पीक भुकेल्यांचं, असं ठरवून त्यानं मळ्याला ‘फर्स्ट फ्रूट्स फार्म’ हे नाव दिलं.

त्याच्या दानाचं कौतुक सगळेच करतात. मला त्याचं शिकणं जास्त मोलाचं वाटतं. शेती त्याला येत नव्हती. यूट्यूबवर बघून आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारून तो ती शिकला. दीडशे किलोच्या आसपासचा गडी, भरलेल्या स्टेडियममध्ये खेळलेला, आणि पेरणी कशी करायची ते विचारत फिरतो! त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. बाळा, तुला वाटतोय, म्हणून हे लिहितेय.

२०१४ मध्ये त्याच्या मळ्यातून जवळपास एक लाख पौंड, म्हणजे पंचेचाळीस टन रताळी निघाली. गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्रांना ती सगळी दिली, वर दहा हजार पौंड काकड्या. काढणीला स्वयंसेवक आले. नॉर्थ कॅरोलिना अमेरिकेत रताळ्यांसाठी सगळ्यांत पुढे, आणि वाटायला हे पीक फार सोयीचं. काढल्यावर काही दिवस उबदार, दमट हवेत ठेवलं की सालीवरच्या जखमा भरतात, मग रताळं महिनोन्‌महिने टिकतं. पालेभाजीचं तसं नाही.

एक मात्र लक्षात ठेव. त्याच्या गाठीला पैसा होता, म्हणून तो पीक वाटून टाकू शकला. तुझ्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. तू आधी घर सांभाळ. पण आश्रमशाळेतली पोरं संध्याकाळी कबड्डी शिकवायला बोलावतात म्हणालास, त्यांना नाही म्हणू नकोस. त्याला पैसा लागत नाही, आणि गुडघा दुखला तरी पकड कशी घालायची ते सांगता येतं.

विहिरीकडच्या तुकड्यात रताळी लावायची असतील तर वेलांचं बेणं कुठून आणायचं आणि सरी केवढी धरायची, हे शेजारच्या काकांना विचार. ते हातचं राखून सांगणारे नाहीत. काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
ताई