जुनी जीप आणि खानदेशचे रस्ते

खानदेशांत जीप ही केवळ हौसेची वस्तु कधींच नव्हती. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मध्यें तापी, गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा या नद्यांच्या कांठची काळी जमीन, अशी या प्रांताची ठेवण आहे. ही माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि मृगाचा पाऊस पडला कीं मेणासारखी चिकट होते. अशा वेळीं बैल थकतो, साधी मोटार रुतते. चारही चाकांना ओढ देणारी जीप मात्र कण्हत कां होईना, बांधापर्यंत पोंचते. म्हणूनच सरकारी खात्यांच्या मागोमाग ती बागायतदारांच्या अंगणांत आली, आणि पुढें काळी-पिवळी होऊन बाजारच्या दिवशीं माणसेंही वाहूं लागली. आज त्यांतल्या पुष्कळ गाड्या कडुनिंबाखालीं गंजत उभ्या आहेत, आणि त्या त्या घरांत एकच प्रश्न निघतो कीं, हिच्यावर खर्च करावा तरी किती ?

या गाडीचें कूळ युद्धांतलें. १९४१ ते १९४५ या काळांत विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या सैन्यासाठीं बांधल्या. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेली महिंद्रा अँड महंमद ही पेढी १९४८ सालीं महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि याच पेढीनें जीपचे भाग आणून मुंबईस माझगांव येथें ते जोडण्यास आरंभ केला. पुढें अमेरिकेंत १९५३ सालीं निघालेला उंच बॉनेटचा नमुना येथें रुळला. त्याच्या इंजिनांत मिश्रण आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर व धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा बाजूस असल्यामुळें इंजिन उंच झालें, आणि त्याला झांकण्यासाठीं बॉनेटही उंचावलें. अमेरिकेंत हा नमुना १९६८ सालीं बंद झाला. हिंदुस्थानांत तो थोड्याफार फेरफारानें पुढेंही अनेक वर्षें निघत राहिला. हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, त्यामुळें या गाडीचे सुटे भाग आपल्याकडे अजून बहुधा मिळतात. येथें खर्च वाढतो तो आपल्या मागण्या वाढत जातात म्हणून.

आमच्या घरची जीप १९६८ सालीं नोंदलेली. वडिलांनीं ती १९८४ सालीं सरकारी लिलावांत घेतली, आणि यावल तालुक्यांतील केळीच्या मळ्यावर तिनें वीस-बावीस वर्षें काम केलें. पुढें मळ्याजवळून डांबरी सडक गेली, घरांत नवी मोटार आली, आणि जीप छपराखालीं गेली. थोरले बंधु दादा यांनीं मात्र तिची नोंदणी मुदतीच्या मुदतीला नूतन करून घेण्याचें व विमा भरण्याचें व्रत सोडलें नाहीं. गेल्या चार वर्षांत ती जागची हलली नव्हती. पुण्याहून सुटींत आलेल्या पुतण्यानें ती पूर्ववत् नवी करण्याचा विषय काढला, आणि शहरांतील एका गॅरेजाकडून संपूर्ण कामाचा अंदाज आणविला. आंकडा साडेपांच लाखांचा निघाला. घरच्या सामायिक पेटींत त्या वेळीं सहा लाख रुपये होते, आणि ते मळ्यांतील नवी कूपनलिका व नातीचें पदव्युत्तर शिक्षण यांसाठीं राखलेले होते. तेव्हां प्रश्न एकट्या गंजाचा राहिला नाहीं.

पुतण्याचें म्हणणें असें पडलें कीं, गाडी कारखान्यांतून निघाली तशी करावी आणि व्हिंटेज म्हणून नोंदवावी. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक मिळूं लागला आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षें. धाकट्या भावाचें मत, ती सरळ भंगारांत द्यावी. मेस्त्र्यांनीं तिसरी वाट दाखविली : पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसवावें, सव्वा लाखांत काम होईल. दादा कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं खुंटीवरची किल्ली तेवढी काढून पुढें ठेवली. सर्वांचें ऐकून घेऊन वहिनी म्हणाल्या, “भावजी, ती उभी करून पाहायची आहे कीं चालवायची आहे, तें आधीं ठरवा.”

नियम वाचून पाहतां या साध्या प्रश्नाला कायद्याचाही आधार असल्याचें दिसलें. व्हिंटेज क्रमांकाची गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणें अशा ठराविक कारणांपुरतीच तिला मोकळीक आहे. डिझेलचें इंजिन बसवावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्यांची मंजुरी हवी, आणि तें एकदां बसलें कीं मूळ स्वरूप गेलें. संग्रहालयाची शोभा आणि शेताची चाकरी या दोन्ही गोष्टी एका गाडीकडून मागतां येत नाहींत.

मग आम्हीं कामांचे तीन वर्ग पाडले. जीवावर बेतणारीं कामें पहिलीं, वाटेंत अडवून ठेवणारीं दुसरीं, आणि डोळ्यांना खुपणारीं तिसरीं. पुतण्याला रंगाची घाई होती. मेस्त्री त्याच्यादेखत मला म्हणाले, “गुरुजी, रंग मागाहून देतां येतो, ब्रेक मागाहून देतां येत नाहीं.” त्याप्रमाणें पहिल्या वर्गापुरताच पैसा प्रथम काढला. पांच टायर अठ्ठावीस हजार, ब्रेकचें सर्व काम पंधरा हजार, स्टिअरिंग व किंगपिन चौदा हजार, चॅसीला दोन ठिकाणीं वेल्डिंग बारा हजार, वायरिंग सहा हजार. एकूण पंचाहत्तर हजार. पुढचा एकही रुपया खानदेशचे रस्ते काय सांगतात तें ऐकल्याशिवाय काढावयाचा नाहीं, असें ठरलें.

पहिली फेरी उत्तरेची. भुसावळजवळ तापी ओलांडून यावल, फैजपूर, सावदा असा केळीच्या बागांतून जाणारा हा रस्ता. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें होतें. आज तेथून मोटारी सुखानें धांवतात, आणि आमची जीप सगळ्यांच्या मागें होती. खिरोद्याच्या पुढें सातपुड्याचा चढ लागला तसा तिचा सूर बदलला. पालच्या रानांत सागाचीं झाडें दाट होत गेलीं, परंतु डांबर कांहीं संपेना. वनखात्याच्या हद्दींत वाटेल तेथें गाडी घालण्यास परवानगी नाहीं, आणि नसावीही. परतीला मळ्यावर गेलों. सडकेपासून विहिरीपर्यंतची गाडीवाट मात्र वडिलांच्या वेळीं होती तशीच होती : पाऊण मैल काळी माती, आणि मध्यें एक नाला. आदल्या रात्रीं वळीव झाला होता. नवी मोटार सडकेवर थांबली; दादांनीं पुढचीं चाकें जोडून घेतलीं, खालचा गिअर टाकला, आणि जीप नाला उतरून पलीकडे चढली. जीपचें खरें क्षेत्र किती, हें त्या पाऊण मैलानें आम्हांस मोजून दिलें.

दुसरी फेरी पाचोरा, भडगांव, चाळीसगांव या वाटेनें पाटणादेवीची. चाळीसगांवापासून सुमारें अठरा किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशींत चंडिकेचें प्राचीन देवालय आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला, आणि त्याला निकुंभ कुलांतील सोइदेवानें देणगी दिली. १२०७ सालच्या सुमारास कोरलेला हा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. चांगदेवानें पूर्वजाच्या पोथ्या रेशमी वस्त्रांत बांधून देव्हाऱ्यांत ठेविल्या असत्या तरी त्याला कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु त्या शिकविल्या जाव्यात म्हणून त्यानें खर्च करविला. जुनी वस्तु राखण्याचा हा एक मार्ग झाला : तिला तिच्या कामांत ठेवावयाचें.

तेथून आम्ही कन्नडचा घाट चढलों. खानदेशांत भिल्लांचें पथक उभारणाऱ्या कॅप्टन जेम्स औट्रम याच्या नांवानें तो औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. चढतांना रेडिएटर उकळला आणि अर्धा तास थांबावें लागलें. पेट्रोलच्या नळीलाही पाझर दिसला. हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि जुन्या रबराला तें मानवत नाहीं. नळ्या व पंपाचा पडदा बदलणें ही चैन नव्हे, हें तेथें कळलें. उतरतांना ट्रकांच्या रांगेमागें दुसऱ्या गिअरांत गाडी आवरून धरली. ब्रेकवर घातलेल्या पंधरा हजारांचें मोल त्या उतारावर सर्वांस पटलें; धाकट्या भावासही, कारण तो पुढच्या जागेवर बसला होता.

तिसरी फेरी धुळ्याची. एरंडोल, पारोळा करीत जाणारा हा सुमारें नव्वद किलोमीटरचा रस्ता म्हणजे सुरत-नागपूर महामार्गाचा भाग. आतां तो चौपदरी झाला आहे. येथें जीप अगदीं परकी वाटली. मालट्रक भोंगे वाजवीत पुढें जात होते, आणि कापडी टपांतून वारा इतका शिरत होता कीं बोलणें ऐकूं येईना. दूर पल्ल्याच्या प्रवासासाठीं हिच्यावर पैसा घालणें व्यर्थ, असा धडा या रस्त्यानें दिला. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत गेलों. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले, आणि त्यांनीं आयुष्यभर जमविलेली दप्तरें सांभाळण्यासाठीं लगेच १९२७ सालीं ही संस्था निघाली. तेथें पुतण्याला मीं जुन्या कागदांच्या रक्षणाची रीत समजावून सांगितली. फाटलेल्या पत्राला मागून पातळ कागदाचा आधार देतात. पुसट झालेल्या अक्षरांवर नवी शाई कोणी फिरवीत नाहीं. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “काका, डाव्या मडगार्डाचा पोंचा आजोबांच्या हातचा आहे ना ?” तो त्यांच्याच हातचा. १९९१ सालीं गोठ्याच्या खांबाला लागलेला.

घरीं आल्यावर पाटी घेऊन हिशेब मांडला. मळ्यावर वाट चिकट असतांना आम्हांस वर्षाकाठीं सुमारें वीस दिवस बाहेरची गाडी भाड्यानें आणावी लागते. दिवसाला दीड हजार धरले तर तीस हजार होतात. स्वतःच्या जीपला त्या वीस दिवसांचें पेट्रोल व किरकोळ दुरुस्ती मिळून दहा हजार लागतील. उरले वीस हजार. नीट काम केल्यास गाडी आणखी दहा वर्षें चालेल, असें मेस्त्र्यांनीं सांगितलें. म्हणजे दोन लाख. सामायिक पेटींतून खर्चाची ही मर्यादा ठरली. वर्षांतून वीसच दिवस चालणाऱ्या गाडीला सव्वा लाखाचें डिझेल इंजिन बसविलें, तर इंधनांतील बचत त्याची भरपाई आमच्या हयातींत करणार नाहीं, म्हणून तो विचार सुटला. व्हिंटेज क्रमांकही सुटला, कारण नाला ओलांडण्याची मोकळीक त्यांत बसत नव्हती.

मग दुसऱ्या वर्गाला पंचावन्न हजार दिले : रेडिएटर, क्लच, पेट्रोलच्या नळ्या व पंप, गिअरबॉक्सांतील तेलगळती. तिसऱ्या वर्गांतलें तळाचें कुजलेलें पत्राकाम व कापडी टप यांना चाळीस हजार दिले, कारण पावसांत त्यांवांचून बसतां येत नाहीं. एकूण एक लाख सत्तर हजार झाले. उरलेले तीस हजार मुद्दाम खर्च केले नाहींत. जुन्या यंत्राच्या पोटांत काय आहे तें तें उघडल्यावरच कळतें, आणि त्या वेळीं हात रिकामा असूं नये.

हौसेचें काय, असें वाचक विचारतील. एकत्र कुटुंबांत ही बाब सर्वांत नाजूक. एकाच्या हौसेला दुसऱ्यानें पैसा पुरवावा असा नियम केला तर उद्यां प्रत्येकाची हौस पेटीशीं येऊन उभी राहील. आणि हौसच नको म्हटलें तर घराला घरपण उरणार नाहीं. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, उपयोगाचा खर्च पेटीनें करावा आणि शोभेचा ज्याचा त्यानें स्वतःच्या मिळकतींतून करावा. वस्तूची किंमत, तिच्यावरची माया आणि तिचें काम हे तीन हिशेब एकाच रकान्यांत लिहिले म्हणजे भांडण होतें. निरनिराळे मांडले म्हणजे बहुतेक वेळां आंकडा आपोआप निघतो. ज्यांच्या दारीं अशी जुनी गाडी उभी असेल त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, गॅरेजांत आंकडा विचारण्यापूर्वीं आपल्या गांवाभोंवतालचे रस्ते एकदां हिंडून यावेत.

यंदाच्या पावसाळ्यांत जीप मळ्यावर चौदा वेळां जाऊन आली. कूपनलिकेला पाणी लागलें, आणि नातीची पहिल्या वर्षाची फी वेळेवर भरली गेली. जीपचा रंग अद्याप विटकाच आहे. पुतण्यानें त्यासाठीं आपला निराळा डबा ठेवला आहे, आणि गेल्या महिन्यापर्यंत त्यांत सात हजार रुपये जमले आहेत. मडगार्डाचा पोंचा मात्र तसाच ठेवून रंग द्यावयाचा, असें त्यानें मेस्त्र्यांना आतांपासूनच बजावून ठेविलें आहे.