जुळ्यांचा श्वास

दिसायला दोघे कार्बोरेटर अगदी सारखे. एकाच साच्यातून ओतलेले, दोघांच्या गळ्याचा व्यास 28 मिलिमीटर, दोघांच्या अंगावर मिकुनी कंपनीचा शिक्का. तरीही राजदूत 350 वर वर्षानुवर्षं हात चालवलेला मेकॅनिक नुसतं चाचपून सांगतो, डावा कोणता आणि उजवा कोणता. चोकचा दांडा फक्त डाव्याला असतो. थंड इंजिन सकाळी उठवायला जे जास्तीचं पेट्रोल लागतं, ते डावा आपल्या वाटीतून घेतो आणि दोघांना जोडणाऱ्या रबरी नळीतून उजव्यालाही पोचवतो. जुळ्यांतही एक थोरला असतो, तो हा. ती नळी तडकली की उजवं सिलिंडर सकाळी हट्टाला पेटतं. किक मारणारा प्लग बदलतो, पॉइंट घासतो, कॉइलवर संशय घेतो. दोष असतो बोटभर रबराचा.

मोटरसायकलला एक कार्बोरेटर हे आपल्याकडचं रीतसर चित्र. बुलेटला एक, येझदीला एक, जुन्या राजदूत 175 ला एक. 1983 साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 राजदूत या नावाने भारतात आणली, तेव्हा तिच्यासोबत ही जोडी आली. 347 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर, सुरुवातीच्या गाड्यांना 30 हॉर्सपॉवरच्या वर ताकद. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर आणि स्वतःचा सायलेन्सर. पुढे ताकद कमी केलेली आवृत्ती निघाली, तिला लोक ‘लो टॉर्क’ म्हणू लागले आणि पहिलीला ‘हाय टॉर्क’. पेट्रोलचा हिशेब लिटरावर ठेवणाऱ्या घरांत ही गाडी टिकणं अवघडच होतं. दशक संपता संपता ती बंद झाली. आज तिच्यासाठी लोक लाखांत पैसे मोजतात आणि तिच्या मूळ कार्बोरेटरांच्या जोडीसाठी गावोगावचे जुने बाजार धुंडाळतात.

हैदराबादच्या कुकटपल्लीत ही जोडी भेटते याचं मला नवल वाटत नाही. पुण्याहून सोलापूर, उमरगा, जहिराबाद करत येणारा हमरस्ता, पूर्वीचा 9 नंबर आणि आताचा 65, याच वस्तीच्या पोटातून शहरात शिरतो. सोलापूर, लातूर, नांदेडकडची कितीतरी कुटुंबं नोकरीच्या मागे याच रस्त्याने येऊन केपीएचबी कॉलनीत आणि आसपास राहिली. 2017 च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाली, रस्त्यावर खांबांची रांग उभी राहिली, जुनी घरं पडून मजले चढले. त्या इमारतींच्या तळघरात, कव्हराखाली, वडिलांची गाडी उभी असते. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्याला ती विकायची नसते आणि चालू कशी करायची हेही ठाऊक नसतं. शेवटी टेम्पोत घालून ती एखाद्या जुन्या उस्तादाच्या पत्र्याच्या शेडपाशी येते. जवळच प्रशांतीनगरची इंडस्ट्रियल इस्टेट आहे, पलीकडे बालानगर आहे. तिथे लेथवर पितळेचा बारीकसा भागही कुणीतरी करून देतो. 1968 पासून टूल डिझाइन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था बालानगरातच आहे. धातूला हात लावायची सवय या भागाला जुनी आहे.

आता या जुळ्यांचं काम. त्यांना मेंदू नाही, वीज लागत नाही, आतून कुणी सूचना देत नाही. पिस्टन हवा ओढतो. ती हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून जाते. गळ्याच्या अरुंद जागी तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पुरा दाब असतो, त्यामुळे पेट्रोल जेटमधून वर चढतं आणि हवेत तुषार होऊन मिसळतं. अरुंद जागी प्रवाहाचा दाब का उतरतो, यावर इटलीच्या व्हेंचुरीने 1797 साली लिहिलं. ते तत्त्व पेट्रोल इंजिनाला जोडलं ते 1893 साली, जवळपास एकाच वेळी, बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका यांनी आणि जर्मनीत मायबाखने. सगळी कामगिरी दाबाच्या एवढ्याशा फरकावर चालते, हे मला आजही मोठं वाटतं. जास्त हवा आली तर जास्त पेट्रोल, कमी आली तर कमी. मोजमाप श्वासाचंच.

पण हा स्वभाव एकरंगी नाही. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडलेली असताना बोलतो तो पायलट जेट, आणि त्याला हवेचा स्क्रू सांभाळतो. मूठ जराशी उघडली की गळ्यात वर-खाली सरकणाऱ्या स्लाइडच्या तळाचा तिरपा काप ठरवतो किती हवा आत घ्यायची. तिथून पाऊण मुठीपर्यंत राज्य सुईचं. स्लाइडला लटकलेली ही निमुळती सुई वर उचलली जाते तसतशी तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोल सुटतं. सुईच्या डोक्याशी खाचा असतात आणि त्यांतल्या एका खाचेत इवलीशी क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर राहते आणि मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. पूर्ण मूठ पिळल्यावर मात्र शेवटचा शब्द मेन जेटचा. म्हणून चांगला उस्ताद ‘गाडी मिस मारते’ एवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, किती मुठीवर? उत्तर नीट मिळालं तर पाना हातात घेण्याआधी अर्धं निदान झालेलं असतं.

या जुळ्यांना सर्वांत जास्त छळते ती विश्रांती. वाटीत राहिलेलं पेट्रोल कुकटपल्लीच्या उन्हाळ्यात उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर राळ ठेवतं. ती आधी बसते पायलट जेटच्या छिद्रात, कारण ते सगळ्यांत बारीक. गाडी चोकवर चालू होते, चोक सारला की बंद पडते. पुढचा मुक्काम वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईवर. ती आपल्या जागी नीट बसेनाशी झाली की वाटी भरून वाहते आणि गाडीखाली पेट्रोलचं थारोळं साचतं. 2023 च्या फेब्रुवारीपासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, तेव्हापासून या दुखण्यात भर पडली आहे. इथेनॉल हवेतली ओल धरतं. त्या ओलीने वाटीच्या तळाशी पांढरट-हिरवट थर जमतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी घडवलेलं रबर फुगतं, मऊ पडतं, शेवटी तुटतं. आताच्या पेट्रोलला टिकणारे ओ-रिंग आणि नळ्या घालणं हा म्हणूनच दुरुस्तीचा गाभा झाला आहे.

खोलताना पहिली कसोटी वाटीच्या चार स्क्रूंची. दिसायला ते साधे चौफुलीचे, पण जपानी मापाचे. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही, जोर दिला की घसरतो आणि स्क्रूचं तोंड खातो. या जोड्यांवर किती अधीर हात फिरून गेले, हे त्या चार डोक्यांकडे पाहिलं की कळतं. मग एकेक भाग कपड्यावर मांडला जातो, डाव्याचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे. हे अंतर पाळायलाच हवं. वर्षानुवर्षं एका गळ्यात घासून स्लाइड त्या गळ्यासारखी झिजलेली असते. ती दुसऱ्याला घातली तर दोघेही बिघडतात.

जेट हातात घेतल्यावर तरुण मुलांचा हात सहज तारेकडे जातो. त्या वेळी उस्ताद काय म्हणतो ते मी मनात कोरून ठेवलं आहे: “तार नक्को डालो साब. सुराख बडा हुवा तो नंबर का क्या मतलब?” जेटवर कोरलेला आकडा हा त्या छिद्राचा शब्द असतो. पितळ मऊ, तार कठीण, आणि छिद्र केसाएवढं. एकदा ओरखडा पडला की तो आकडा खोटा ठरतो आणि पुढचा प्रत्येक मेकॅनिक त्या खोट्यावर विश्वास ठेवून फसतो. म्हणून जेट भिजत ठेवायचा, मऊ ब्रशने घासायचा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि उजेडासमोर धरून पाहायचा. छिद्र गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. अंगातल्या आडव्या-उभ्या वाटांतूनही हवा आरपार गेली पाहिजे. लेथ, रबर, गास्केट हे सगळं त्याच्यानंतर.

जोडीत बेबनाव दिसला तर आधी आकडे ताडून पाहावेत. डाव्यात एका नंबरचा मेन जेट, उजव्यात दुसऱ्या नंबरचा, असं पुष्कळदा सापडतं. कुठल्यातरी गावात एक जेट मिळाला नाही, जवळचा बसवला, आणि गाडी तशीच पुढे विकली गेली. दुसरी गोष्ट यापेक्षा वाईट, कारण ती जाणूनबुजून केलेली असते. मायलेज वाढवून देतो म्हणून सुईची क्लिप वर चढवतात, जेट बारीक घालतात. फोर-स्ट्रोक गाडी हे काही काळ सोसते. टू-स्ट्रोक सोसत नाही. पेट्रोल कमी पडलं की ज्वलनाची आच वाढते, पिस्टन फुगतो आणि भर वेगात सिलिंडरला चिकटतो. मागचं चाक जागच्या जागी अडतं. ज्याने पेट्रोलचे चार पैसे वाचवायला हे करून घेतलं, त्याचा जीव तिथे पणाला लागतो. प्लगच्या टोकाचा रंग पाहावा. चॉकलेटी असेल तर जुळे पोटभर जेवताहेत. काळा असेल तर जास्त. पांढरा असेल तर गाडी तिथेच उभी करावी.

हवासुद्धा सगळीकडे सारखी नसते. हैदराबाद आणि पुणं दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे लावलेली गाडी तिथे सहसा तक्रार करत नाही. पण बोरघाट उतरून खोपोलीकडे गेलं की हवा दाट होते, तेवढ्याच गळ्यातून प्राणवायू जास्त जातो आणि मिश्रण फिकं पडतं. शिवाय घाट उतरताना मूठ बंद आणि इंजिन मात्र जोरात फिरतं, अशी वेळ येते. या गाडीत तेलाचा पंपही मुठीशीच बांधलेला आहे. मूठ बंद म्हणजे पेट्रोलही कमी, तेलही कमी. जुने चालवणारे उतारावर मधूनमधून मूठ थोडी उघडतात ते याच कारणासाठी. काठावर, फिकी लावलेली गाडी घेऊन घाट उतरू नये.

सगळं स्वच्छ झालं, जेट जुळले, रबर नवं पडलं, तरी अजून ही जोडी झालेली नसते. मुठीपासून एकच केबल निघते आणि पुढे तिचे तीन फाटे होतात, दोन कार्बोरेटरांकडे आणि एक तेलाच्या पंपाकडे. तिन्हींनी एकाच क्षणी हलायला हवं. एका स्लाइडने केसभर आधी डोकं उचललं तर एक सिलिंडर ओढतं आणि दुसरं ओढलं जातं. उस्ताद दोन्ही गळ्यांत बोटं ठेवून मूठ हळूच फिरवायला सांगतो. दोन्ही बोटांना स्लाइड एकदम सुटल्याचं जाणवलं की वरचा नट आवळतो. मग हवेचे स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड फेरा मागे घेतो, इंजिन चालू करतो आणि दोन्ही सायलेन्सरांमागे एकेक तळहात धरतो. दोन्ही तळहातांवर फुंकर सारखी लागली पाहिजे. कमी-जास्त वाटली तर पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. या कामाला मशिन मिळतं, आणि ते वापरावंही. पण तळहातांनी लावलेली जोडी मी ऐकली आहे. मूठ सोडल्यावर दोन आवाज एकमेकांत मिसळून एक होतात आणि इंजिन कुठलीही धडपड न करता आपल्या जागी स्थिरावतं. तिथे मला उस्तादाबद्दल निखळ आदर वाटतो.

1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. हवा शुद्ध ठेवण्यासाठी तो बदल योग्यच होता. इंजेक्शनची गाडी कमी धूर सोडते, थंडीत चटकन चालू होते. पण ती बिघडली की संगणक जोडावा लागतो आणि भाग बदलावा लागतो. ही जोडी मात्र पुन्हा पुन्हा उघडता येते, समजून घेता येते आणि बहुतेक वेळा दुरुस्त करता येते. चाळीस वर्षांचं मूळ अंग आजच्या स्वस्त नकलेपेक्षा बऱ्याचदा सरस असतं. नकली जेटवरचा आकडा आणि आतलं छिद्र जुळेलच असं नाही. आणि कार्बोरेटर उघडणारी, कान देऊन गाडी ऐकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांच्याकडे काम गेलं नाही तर त्यांचा हात पुढच्याला मिळणार नाही.

तुमच्या तळघरात अशी गाडी उभी असेल तर एवढं करा. ती महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि खालचा स्क्रू सोडून दोन्ही वाट्या रिकाम्या करा. चालू होत नसेल तर किक मारत बसू नका, जोडी काढून जाणत्या हातात द्या. जुने भाग परत मागून घ्या आणि जपून ठेवा. आणि कुणी मायलेज वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा.